मोठा गुन्हा आधी

राजा भुजंगरावाच्या दरबारात सटवा मेंढपाळाला बेड्या घालून उभं केलं होतं. शिपाई कुरणात मेंढरं जाऊ देत नाहीत म्हणून त्याने घाटातली रिकामी चौकी जाळली होती. न्याय करायला तीन म्हातारे प्रधान बसले होते. आधीच्या राजालाही हेच तिघे लवून मुजरा करायचे.

सटवाची बहीण हौसा पुढे आली. "आजोबा, एका माणसाची करणी सांगते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. त्याने चौकीला बाहेरून कडी घातली आणि आग लावली. आत शिपाई झोपले होते. मग पूल तोडला, खजिना लुटला."

राजा एकदम ताठ बसला. प्रधानांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"दहशतवादी," थोरला प्रधान म्हणाला. "हत्तीच्या पायी द्या." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

"हा महाराजांनी आधीच्या राजाकडून गादी जिंकली त्याचा पोवाडा आहे," हौसा म्हणाली. "दर दसऱ्याला इथेच गातात. तुम्ही तेव्हा डुलक्या घेता. मी फक्त महाराजांचं नाव गाळलं."



"म्हणजे तुझा भाऊ वीर, असं म्हणायचंय तुला?" राजाने दरडावलं.

"ते नंतर बघू, महाराज. शिक्षा तर ठरली. पण हत्ती एकच आहे, तेव्हा मोठ्या गुन्ह्यापासून सुरुवात करा."

राजाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. शेवटी त्याने सटवाच्या बेड्या काढायला सांगितलं.

"अगदी योग्य न्याय, महाराज," तिन्ही म्हातारे एका सुरात म्हणाले.