तांबुळवाडीच्या बारवेला चुना नाही

साहेब घोड्यावरून यायचे आणि टपाल पायी यायचं, त्या काळची ही गोष्ट. तांबुळवाडीत ठकूबाई गुरवीण राहायची. महादेवाची पूजा आणि देवळासमोरची पायऱ्यांची बारव, एवढाच तिचा संसार. बारव कुणी बांधली, हे तिच्या आजेसासूलाही ठाऊक नव्हतं.

एकदा बारवेवरून सडक न्यायचं घाटू लागलं. सरकारनं जुनी वास्तू म्हणून राखली, तरच बारव वाचणार होती. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर ठकूबाईनं सगळं गाव कामाला लावलं. पाहुणा यायचा म्हणजे चुना हवाच. तिनं स्वतः पायऱ्यांना चुना फासला, कोनाड्यांतल्या देवांना गेरू लावला. बारव नव्या नवरीसारखी दिसू लागली.

साहेबानं काठावरूनच पाहिलं. ही तर कालपरवा बांधलेली दिसते, म्हणाला, यात राखायचं काय?

ठकूबाईनं विचारलं, "मग ठरवतं कोण, सायेब?"

"वरचे."

"त्यांनी बारव बघितलीया का?"

"नाही. मी सांगेन तेच त्यांचं बघणं."

त्या दिवसापासून ती नारळाच्या काथ्यानं चुना घासत बसली. साहेब बदलत गेले. जो येई तो म्हणे, वर कळवतो. ती मान डोलावायची आणि पुन्हा घासायला लागायची. फार थकली बिचारी. हाताच्या रेषा झिजून गेल्या, असं म्हणतात. केस, कातडी, लुगडं, सगळं दगडाच्या रंगाचं झालं.

वरून काहीच आलं नाही. सडकेचे मजूर मात्र आले. म्हातारी पायऱ्यांवर बसलीय, एवढं त्यांना गावानं सांगितलं होतं. मुकादमानं कुदळ उचलली आणि तशीच धरून राहिला. दगड कुठला आणि बाई कुठली, त्याला कळेना.

"आक्का, कुठं हायसा? बोला की," तो म्हणाला. घाव बाईवर बसायचा, या भीतीनं त्यांनी सडकच वळवली. ठकूबाई पुन्हा कुणाला दिसली नाही, असं म्हणतात.

सडक अजून तिथं वळसा घेते. सरकारी पाटी अजून लागलेली नाही. पाहुणा कितीही मोठा असो, तांबुळवाडीत बारवेला चुना लावत नाहीत. शिवरात्रीच्या आधी घराघरांतून माणसं काथ्या घेऊन येतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई वाकून आत विचारते, "ठरलं का, आक्का?" बारव तेवढंच परत विचारते. मग सगळे घासायला बसतात, पण हलक्या हातानं. यातली ठकूबाई कुठली, ते कुणालाच माहीत नाही.