सात नंबरची ओव्हर

“तिच्यासमोर मी वही उघडून बसायचं, बाई? मी?”

चपला काढता काढताच कुमुद धायगुडेने हे विचारलं. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. नोकरीला चोवीस वर्षं झालेली. सकाळची ड्यूटी संपवून घरी न जाता ती थेट रूथबाई शिनगाऱ्यांकडे आली होती.

रूथबाई नर्सिंग स्कूलच्या जुन्या ट्यूटर. जतकडच्या खेड्यातून आलेल्या, थर्मामीटर बघायलाही भिणाऱ्या कुमुदला त्यांनीच उभं केलं होतं. रिटायर होऊन एकोणीस वर्षं लोटली, पण काही अडलं की कुमुदचे पाय अजून याच दाराकडे वळायचे. अशी बाई आयुष्यात भेटायला नशीब लागतं, आणि कुमुदला ते ठाऊक होतं.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग कुमुदने मनातलं सगळं ओतलं. सांगलीच्या कॉलेजात नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स होता. तो झाला की अत्यवस्थ पेशंटला स्वतः तपासायचं, उपचार ठरवताना डॉक्टरांच्या बरोबरीने बोलायचं. इतकी वर्षं तिने याचीच वाट पाहिली होती. सीट मिळाली होती, रजाही मंजूर झाली होती. आज पाचपर्यंत जाऊन सही केली नाही तर सीट दुसरीला जाणार, आणि पुढच्या वर्षी कुमुद वयाच्या अटीत बसणार नव्हती.

एवढं सगळं जुळलं, मग घोडं अडलं कुठे? तर शिकवणारी होती नीलोफर मुजावर.

आठ वर्षांपूर्वी ही नीलोफर कुमुदच्याच हाताखाली कामाला लागली होती. सलाईन लावताना हात लटलट कापायचे तिचे. सुई धरायला कुमुदने शिकवलं, प्रसंगी रागावून, प्रसंगी आपल्या डब्यातली भाकरी देऊन. दोन वर्षांनी पोरगी नोकरी सोडून पुढे शिकायला गेली, आणि आता मॅडम होऊन परत आली. आज सकाळी तिचाच फोन होता. पाचपर्यंत मी ऑफिसात तुमच्यासाठी थांबते, सिस्टर, असं म्हणाली. आणखीही काही सांगत होती, पण कुमुदने फोन ठेवून दिला.

“माझ्या वॉर्डातल्या पोरी मला हसतील, बाई. हिच्याकडून शिकायचं आता?”

बाई उठल्या. एकोणऐंशीचं वय, गुडघे कुरकुरणारे. फोनजवळची वही घेतली, पेन घेतलं आणि कुमुदच्या खुर्चीशेजारी ताठ उभ्या राहिल्या.

“सिस्टर, सात नंबरची ओव्हर द्या.”

कुमुदला हसू आलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

आता ओव्हर म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका पेशंटचं सगळं सांगते. येणारी कितीही मोठी असो, ती उभी राहून ऐकते, लिहून घेते. आणि तिने ते घेईपर्यंत जाणारीला वॉर्ड सोडता येत नाही. आयसीयूत काय, साध्या वॉर्डात काय, रीत हीच.

सवयीने कुमुदची जीभ सुरू झाली. सात नंबरची खाट, बाईमाणूस, वय बावन्न, न्यूमोनिया, तिसरा दिवस. बीपी आता बरं आहे. लघवी ठीक. हाय फ्लोवर आहे, चाळीस लिटर...

पेन थांबलं.

“हाय फ्लो म्हणजे?”

“तुम्हाला ठाऊक नाही, बाई?” कुमुदच्या तोंडून निघून गेलं.

“नाही.”

इतकं साधं आलं ते, की कुमुदच ओशाळली. मग तिने नीट समजावलं. नाकाशी नळी असते, मशीन हवा गरम करतं, ओलसर करतं, आणि जोरात सोडतं. बाईंनी आकडे लिहून घेतले. नाक कोरडं पडत नाही का, पेशंट जेवू शकतो का, असं खोदून खोदून विचारलं. कोरड्या ऑक्सिजनने नाकातून रक्त यायचं त्यांच्या पेशंटांना, ते आठवून त्यांचे डोळे पाणावले. बरं झालं हो, देवाची दया, असं त्या दोनदा पुटपुटल्या.

तेव्हा कुठे कुमुदच्या ध्यानात आलं की आपण बसलोय आणि बाई उभ्या आहेत. ती चटकन उठली.

“तुम्ही बसा ना, बाई. माझ्याकडून काय लिहून घेताय तुम्ही!”

“एकोणीस वर्षं मी वॉर्डात नव्हते, कुमुद. तू होतीस.”

कुमुद पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. सहा वर्षं आपण वॉर्डात होतो. नीलोफर कुठे होती, काय वाचत होती, कुणाकडून काय शिकत होती, हे आपण कधी विचारलंसुद्धा नाही. तिची तिला लाज वाटली.

घड्याळात साडेतीन झाले होते. सांगलीला पोचायला अर्धा तास पुरे.

तिने पर्स उचलली. तुम्ही नसता तर मी कुठे असते, बाई, एवढंच कसंबसं म्हणून ती पाया पडायला वाकली.

बाईंनी तिला खांद्याला धरून मध्येच सरळ केलं.

“आभार राहू देत, सिस्टर. नीलोफर ओव्हर द्यायला थांबलीय... तिला ताटकळत ठेवू नका.”