वाळक्या गुलाबाला पान फुटलं

एक होतं गुलाबांचं गाव, दूर इराणात. तिथं राहायची एक विधवा, गोहरबीबी. पांढऱ्या गुलाबांचं गुलाबपाणी करायची.

त्या काळी बहाउल्ला नावाच्या सत्पुरुषानं सांगितलं, देव एकच, आणि माणूस कुणी परका नाही. ऐकणाऱ्यांना लोक बहाई म्हणू लागले. राजाला राग आला. मग छळ, मग हद्दपारी, मग कैद. गोहरबीबीची लेक माहरू, तीही त्या मंडळींबरोबर समुद्राकाठी अक्का शहरात कोंडलेली.

एकदा काय झालं, एका वाटसरूनं माहरूचा निरोप आणला. "आई, इथं हिरवं पानसुद्धा दिसत नाही गं."

झालं! गोहरबीबीनं नवस केला, अंगणातला गुलाब लेकीपर्यंत नेईन. रोप मडक्यात लावलं, आणि तांड्याबरोबर निघाली चालत.

डोंगरात थंडी पडली. तिनं आपली शाल मडक्याला गुंडाळली. पुढं वारा सुटला. ती मडक्याला आडोसा करून बसली. मग आलं वाळवंट, बरं का. वाट्याचं पाणी अर्धं आपण प्यायची, अर्धं रोपाला.

उंटवाला हाशिम हसायचा. "म्हातारे, उद्या त्याला चहाही पाज!"

"तू करून दे लेका, पाजते."

"तुम्हा बहाईंच्या भांड्याला मी शिवत नाही." विटाळ मानायचा हो!

आणि एका दुपारी हाशिमचीच पखाल फाटली. तांडा पुढं गेलेला, मागं ही दोघंच. हाशिम वाळूत आडवा झाला, पण तिच्याकडे पाणी मागेना. गोहरबीबीच्या सुरईत रोपापुरतंच पाणी उरलं होतं. तिनं रोपाकडे पाहिलं. हाशिमकडे पाहिलं.

"घे. पाण्याला कसला विटाळ?"

तो प्यायला. तिच्याच सुरईनं प्यायला. रोप मात्र वाळलं, पानं गळाली. गोहरबीबी रडली. हाशिमनं मडकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, ते थेट अक्काच्या वेशीपर्यंत.

वेशीवर पहारेकरी. "हिरवं काही आत न्यायचं नाही. हुकूम आहे. मडक्यात काय?"

हाशिमनं तिला कोपरानं ढोसलं, सरपण म्हण, सरपण! पण गोहरबीबीला खोटं बोलता येईना.

"गुलाब आहे, बाबा."

पहारेकरी खो खो हसला. "ही काडी गुलाब? मग मी सुलतान! जा, ने आत."

पाहिलंत? हिरवं असतं तर तिथंच उपटलं असतं!

माय-लेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कैद्यांनी काडी अंगणात लावली. रोज एकेक जण आपल्या वाट्याचं घोटभर पाणी घाली. मग आला त्यांचा नौरोज, म्हणजे नव्या वर्षाचा सण, आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास येतो तो. सकाळी पाहतात तर काय, काडीला लालसर कोवळं पान! मग कळी. मग पांढरंशुभ्र फूल!

पहारेकरी धावत आला. त्यानं फूल हुंगलं, डोकं खाजवलं. "हुकूम आत आणायचा नाही असा होता. आत उगवायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं."

पुढं वेशी उघडल्या, मंडळी मोकळी झाली, सुखानं राहिली. हाशिम दर वर्षी यायचा आणि गोहरबीबीला चहा करून पाजायचा.

गोहरबीबीचा नवस फळला, तसे तुमचेही चांगले हेतू फळोत. मिटा आता डोळे. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलाय. तहान लागली, तर आधी शेजारच्याला विचारायचं हं, तुला हवंय का?