अत्तराचा हात

“सगळे हात झाकले होते, सर. मग त्या पेशींनी ओळखलं कसं?”

डॉक्टर श्रीनिवास बर्दापूरकर डोंगरावरच्या मठात, ओसरीवर बसून विचारत होता. समोर निर्मळानंद स्वामी. भगवी वस्त्रं घेण्याआधी स्वामी पुण्यात जीवशास्त्र शिकवत. श्रीनिवास त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, एवढीच खोट.

“पहिल्यापासून सांग,” स्वामी म्हणाले. “सोनाबाईंनाही कळू दे.”

मठाची दिवाबत्ती बघणाऱ्या सोनाबाई खांबाशी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीनिवासला ते आवडलं नाही. पण गुरूंचा शब्द.

“शरीराची जागल टी-पेशी करतात,” तो म्हणाला. “बाकीची प्रत्येक पेशी आपल्या दारात हात पुढे करून उभी. आत जे शिजतंय, त्याचा कण तळहातावर. जागल करणारी येते. हातही चाचपते, कणही चाचपते. दोन्ही मिळून ओळखते. कण परका निघाला, की त्या घराची धडगत नाही. आणि तोच कण वाटेत नुसता पडलेला असला, तर ती ढुंकून बघत नाही.”

“वा…” स्वामींनी डोळे मिटले. गाण्यातली सुरेख जागा ऐकावी तसे.

“माणसागणिक हे हात वेगळे. वीस वर्षं मी तेच अभ्यासले.”

“बरं. पुढे?”

“वृषाली उमाप म्हणून माझी विद्यार्थिनी आहे. तिनं पेशींचे हात झाकले आणि क्षयाचा जंतू दिला. जागल करणाऱ्या गप्प राहायला हव्यात. तर म्हणते, चवताळून उठल्या!”

“अख्खा जंतू दिला?”

“नाही. त्याच्या अंगावरची मेणचट चरबी.”

“मग तुला काय वाटतं?”

“हात नीट धुतले नसतील. काहीतरी घाण गेली असेल भांड्यात. नाहीतर सरळ खोटं बोलते. उद्या घरी पाठवतोय तिला. कागदावर माझी सही तेवढी राहिलीय.”

“तिनं हात धुतले नाहीत,” स्वामी म्हणाले, “म्हणून तू हात धुऊन तिच्या मागे लागलास.”

श्रीनिवासचे कान तापले.

“सगळं ठरलंय, तर डोंगर कशाला चढलास?”

“…ती रडली नाही, सर. एवढंच म्हणाली, एकदा स्वतः बघा.”

“बघितलंस?”

श्रीनिवासनं घड्याळात बघितलं.

“दुसरे हात नसतातच का?” स्वामींनी विचारलं.

“असतात काही. आडबाजूचे. सगळ्या माणसांत जवळजवळ सारखेच. त्यात बघण्यासारखं काय आहे? अनभिजात म्हणतो आम्ही त्यांना.”

“आणि अभिजात कुठले?”

“ज्यांच्यावर मी काम करतो ते.”

सोनाबाई खुदकन हसल्या.

स्वामी उठले. देवापुढची अत्तराची कुपी घेऊन आले.

“ऊन उतरलं. नीघ आता. हात पुढे कर.”

श्रीनिवासनं अदबीनं उजवा तळहात पसरला, खाली डाव्याचा आधार दिला. प्रसादाला धरतात तसा.

स्वामींनी कुपी उघडली. वाळ्याचा वास ओसरीभर झाला. अत्तरात भिजलेली काडी हातात धरून ते नुसतेच उभे राहिले.

श्रीनिवासही उभा राहिला.

…

“अहो डागदर, उलटा करा की हात!” सोनाबाईंना राहवेना. “अत्तर काय तळव्यावर घेत्यात? चाटायचंय का?”

श्रीनिवासनं ओशाळून हात पालथा केला. स्वामींनी हाताच्या पाठीवर काडी फिरवली.

तेलाचा एक ओघळ चमकला. श्रीनिवास बघत राहिला. इथं रेषा नव्हत्या. कुठल्या ज्योतिष्यानं आजवर कुणाच्या हाताची ही बाजू वाचली नव्हती. ती सोनाबाईंची असती, स्वामींची असती, तरी अशीच असती.

“तेल…” तो हळूच म्हणाला. “तेल इकडं लावतात.”

स्वामी कुपीचं बूच बसवत होते.

“सर… तिनं तळहात झाकले होते. नुसते तळहात. चरबी पाठीवर होती, त्या आडबाजूच्या हातांवर. आणि त्यांनी तीही ओळखली! डोळे नाहीत, दिवा नाही… केवढी जाण, सर. एवढ्याशा जिवाला!”

“हं.”

त्यानं वाकून नमस्कार केला. प्रयोगशाळेतला माणूस. हाताला काही लागलं की धुवायचं, ही जन्माची सवय. ओसरी उतरून तो रांजणाशी गेला आणि पाण्यात तांब्या बुडवला.

“श्रीनिवास.”

तो थांबला.

“वास राहू दे,” स्वामी म्हणाले. “उद्या तिच्या कागदावर सही करायला हाच हात उचलशील.”