झिपरू पाटकरी आणि टोकाचं शेत

माझं शिक्षण थोडं. लिहिण्यात चुका राहतील, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार वर्षांपूर्वी नेवरे गावाने नदीला बंधारा घातला आणि पाट काढला. पाळी येईल त्या शेताचं दार उघडायचं, पाळी संपली की फळी टाकून बंद करायचं, हे काम झिपरू पाटकऱ्याचं. सुगीला घरोघरच्या पेंढ्या त्याला मिळत. त्याला नुसती जमीन हुंगून कुठलं शेत तहानलंय ते कळे, असं म्हणतात. लोक त्याला वाकून नमस्कार करू लागले. हळूहळू झिपरूलाही वाटू लागलं, की पाणी आपणच देतो.

पाटाच्या टोकाला ठगूबाई म्हातारीचं शेत होतं. ती तेवढी कधी हात जोडत नसे.

एकदा सुभेदार आला. सगळं गाव मुजऱ्याला गेलं, ठगूबाई खुरपत बसली. सुभेदाराने हुकूम सोडला, "पाणी सरकारचं. सरकारला न मानणारीला ते मिळणार नाही." झिपरूने तिच्या दाराची फळी ठोकून बसवली. तेव्हा गहू ओंब्या धरत होता. हे एक पाणी चुकलं तर दाणा भरणार नव्हता, आणि म्हातारीला दुसरा आधार नव्हता.

पानं पिवळी पडली तेव्हा झिपरू बांधावर आला.

"माय, सुभेदाराची माफी माग. मी लगेच पाणी देतो."

"तू देतोस? मग नदी काय करते रे?"

झिपरू ओशाळला. "पण तुझा हक्क कुठला? तुझ्या सासऱ्याने बंधाऱ्याला एक दगडही वाहिला नाही म्हणतात."

"आंधळा होता तो, कसा वाहील? पाट काढला तेव्हा पंचांनी दगड विचारलेच नाहीत. पाटाखाली कोण राबतं, एवढंच विचारलं. तहान काय सुभेदाराने दिली? ती जन्माबरोबर आली. हक्कही तिच्यासोबतच आला."

"मग सरकार कशाला? मी तरी कशाला?"

"वरच्याने खालच्याचं दार बंद करू नये म्हणून. त्या कामाच्याच पेंढ्या खातोस. आणि बंद केलंस ते तूच."

झिपरू दारापाशी वाकला. त्याने फळी उपटली. पण सुभेदाराच्या शिपायांनी वरची सगळी दारं उघडून ठेवली होती, टोकाला थेंब येत नव्हता. मग तो बंधाऱ्यापर्यंत गेला आणि पाटात उतरून खाली चालू लागला. असं म्हणतात, पाणी त्याच्या मागोमाग निघालं. उघड्या दारांसमोरून गेलं, पण एकाही दारात वळलं नाही. टोकाचं शेत भिजलं, तेव्हाच ते थांबलं.

सुभेदार घोड्यावरून पाहत होता. "कुणाच्या हुकमाने?"

"पाळी तिची आहे," झिपरू म्हणाला.

सुभेदाराने घोडा वळवला, तो परत आला नाही.

नेवऱ्यात आजही नवा पाटकरी नेमतात, त्या दिवशी त्याला कुणी हात जोडत नाही. सगळं गाव पाटातला गाळ काढतं, आणि पहिलं पाणी टोकाच्या शेताला जातं. कारण टोकाचं शेत भिजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक नारळ घेऊन झिपरूच्या घरी गेले, तर तो घरी नव्हता. गुडघाभर चिखलात उभा राहून तो पाट साफ करत होता. कुणीतरी हात जोडले. त्याने वर पाहिलं आणि त्या हातांत गाळाची टोपली दिली.