बुरुडीण आणि तीन तराफे

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट आहे. एका राज्यात नदीच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर राजाचं औषधांचं कोठार होतं. मुळ्या, साली, लेप, चूर्णं, सगळं तिथेच मिळायचं.

काठावर एक बुरुडीण राहायची. कुणाला बेटावर जायचं असलं, की ती बांबू जोडून तराफा बांधून द्यायची. माणूस जाऊन आला, की लगेच गाठी सोडायची. तसा राजाचा हुकूमच होता. एकदा चोरांनी बेवारस तराफा पळवून कोठार लुटलं होतं, तेव्हापासूनचा.

पलीकडे जायला चूळ भरण्याइतका वेळ. तराफा बांधायला मात्र अर्धा प्रहर!

एका वर्षी तापाची साथ आली. काठावर माणसांची रीघ लागली. बुरुडीण पहाटेपासून गाठी मारी, गाठी सोडी. बोटं सोलून निघाली.

एका दुपारी तिने तराफा मोडला, तोच वैद्यबुवा धापा टाकत आले. मागे गावचा कुंभार होता.

"बाई, याची लेक तापाने फणफणली आहे. डोळे फिरवते आहे. आत्ताच्या आत्ता जायला हवं!"

बुरुडिणीने मोकळ्या बांबूंकडे पाहिलं. ती घाईघाईने बांधू लागली. घाईत गाठ चुकली, पुन्हा सोडावी लागली. कुंभार खाली बसून बांबू धरू लागला.

औषध पोचलं. दिवस मावळता मावळता पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं. निरोप ऐकून बुरुडीण हमसून हमसून रडली. "आज वाचली देवाच्या दयेने. उद्याचं काय?"

तो तराफा तिने मोडला नाही. शेजारी आणखी दोन बांधले. ते पाहून राजाच्या पहारेकऱ्यांनी तिला त्याच्यापुढे उभं केलं.

"हुकूम मोडलास?" राजा गरजला.

"मोडला, महाराज. पण चोरी तराफ्यामुळे झाली नव्हती. तो राखायला कोणी नव्हतं म्हणून झाली. आता मी राखते. काम असेल त्याला देईन, परत आला की गाठी तपासून पुढच्याला देईन."

"आणि कोणी अडवून ठेवला तर?"

"हाक मारीन. माझी हाक बेटापार जाते, महाराज."

राजाला हसू आलं. त्याने हुकूम मागे घेतला.

चारच दिवसांनी कोठाराच्या कारभाऱ्याने एक तराफा बेटावर सावलीत बांधून ठेवला. परत जाताना आपल्याला हवा म्हणून! इकडे रांग वाढली. बुरुडिणीने अशी हाक ठोकली, की बगळ्यांचा थवा उडाला. कारभारी लालबुंद तोंडाने तराफा घेऊन आला. पुन्हा कुणी तसं केलं नाही.

पुढे साथ ओसरेपर्यंत एकही माणूस काठावर खोळंबला नाही. एका सकाळी वैद्यबुवा आले, खुंटाला बांधलेला तराफा सोडून गेले, औषध घेऊन परतलेसुद्धा. बुरुडीण तोवर निवांत भाकरी खात बसली होती. कितीतरी दिवसांनी तिला घास गोड लागला.

तात्पर्य : जे पुन्हा पुन्हा लागतं ते मोडू नये आणि अडवूनही ठेवू नये, काम झालं की नीट जागेवर परत द्यावं.