पंतोजींना न येणारी खूण

एक होता राजा, आणि त्याच्या पदरी होते एक पंतोजी. विसोबा त्यांचं नाव. पंतोजींना सगळं येतं असं सगळे म्हणायचे. पंतोजींनाही ते ऐकायची सवय झाली होती, बरं का.

एकदा काय झालं, डोंगरावरची एक जोगीण दरबारात आली. तिनं राजाला एक काळीभोर पाटी दिली. म्हणाली, "ही तुझ्या गावच्या पोरांसाठी. हिच्यावर लिहाल ते खरं होईल. पण काही विचारायचं असलं, तर शेवटी प्रश्नाची खूण करा. मग पाटी नुसतं उत्तर देईल. आणि सांभाळा हं, इथं लिहिलेलं पुसता येत नाही."

राजा म्हणाला, "पंतोजी, ही खूण येते ना तुम्हाला?"

खरं म्हणजे येत नव्हती. पोथीतल्या दोन उभ्या रेघा तेवढ्या त्यांना ठाऊक. पण भरल्या दरबारात 'येत नाही' कसं म्हणायचं? ते म्हणाले, "म्हणजे काय महाराज! येते की."

मग पाटी शाळेत आली. पंतोजींनी पोरांना सांगितलं, विचारायचं असलं की शेवटी दोन रेघा मारा.

शेषानं लिहिलं, 'भाजी कारल्याची आहे', आणि पुढे दोन रेघा मारल्या. बिचाऱ्याला नुसतं विचारायचं होतं. पण गावातल्या प्रत्येक चुलीवरची भाजी कारल्याची झाली. आज कारलं, उद्या कारलं, परवाही कारलं! पंतोजी म्हणाले, "शेषा, तुझं अक्षर वाकडं, म्हणून असं झालं."

मग मुकुंदानं लिहिलं, 'हत्ती झोपला'. राजाचा हत्ती वेशीतच आडवा झाला. ढोल बडवले, सोंडेशी ऊस धरला, उठेचना. गाड्या अडल्या. पंतोजी म्हणाले, "मुकुंदा, तुझंही अक्षर वाकडं." म्हणाले खरे, पण त्या दिवशी पाटी त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली.

आता शाळेत एक तानी होती. माळणीची पोर, सहा वर्षांची. तिची आई दोन दिवसांसाठी माहेरी गेली होती, आणि आठ झाले तरी आली नव्हती. तानीनं हळूच पाटी काढली. अक्षर वाकडं येऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरली. एकेक अक्षर गोल काढलं. 'आई मला विसरली'.

संध्याकाळी आई आली. तानी धावत जाऊन तिला बिलगली. आईनं तिला बाजूला केलं आणि म्हणाली, "कुणाची गं तू, बाळ?"

तानी रडली नाही. पाटी घेऊन पंतोजींकडे गेली. "गुरुजी, मी जपून लिहिलं होतं. कुठलं अक्षर वाकडं आलं हो?"

पंतोजींनी पाहिलं. एकही अक्षर वाकडं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. ते पोरीसमोर खालीच बसले.

"तुझं काही चुकलं नाही, तानी. शेषाचं नाही, मुकुंदाचं नाही. मलाच खूण येत नाही. आणि मी विचारलं नाही."

मग हेच त्यांनी दरबारात सांगितलं, मान खाली घालून. काही लोक हसले. राजा हसला नाही. म्हणाला, "मग आता जा, आणि विचारून या."

पंतोजी निघाले. जन्मात कधी त्यांनी कुणाला वाट विचारली नव्हती! धनगर भेटला, तर लाजेनं तोंडच उघडेना. चुकीच्या वाटेला लागले आणि काट्यांत शिरले. मग धोबीण भेटली. तिला पुटपुटत विचारलं. "जरा मोठ्यानं बोला की, बाबा!" ती म्हणाली. तेवढ्यानं पंतोजी पळालेच. मग नदीवर नावाडी भेटला. त्याला मात्र खणखणीत विचारलं, "दादा, जोगिणीकडे कसं जायचं?" त्यानं होडीतून पैलतीरी नेऊन वाट दाखवली.

जोगीण रागावली नाही. तेच पंतोजींना जास्त लागलं. तिनं त्यांचं बोट धरून राखेत फिरवलं. "वर कानासारखं वळवायचं. खाली एक टिंब. झालं. लिहिलेल्यापुढे ही मागाहून केली, तरी त्याचा प्रश्न होतो."

"एवढंच?" पंतोजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवढ्यासाठी मी पोरीची आई हरवली."

गावी आल्यावर त्यांनी पोरांना अंगणात धुळीत बसवलं. कुणाचा कान उलटा वळला, कुणी टिंब विसरलं. पंतोजींनी कुणालाही 'वाकडं' म्हटलं नाही. हात धरून पुन्हा काढून घेतलं.

मग पाटी आणली. शेषानं आपल्या वाक्यापुढे खूण केली. खाली उमटलं, 'नाही, भेंडीची.' मुकुंदानं केली. 'नाही, उठला.' वेशीत हत्ती उभा राहिला.

आता तानी. पंतोजी हात धरायला वाकले. ती म्हणाली, "राहू दे गुरुजी, मी काढते." तिनं कान काढला. टिंब दिलं. पाटी काळीच राहिली. मग हळूहळू एकच शब्द उमटला, 'नाही.'

आणि कुंपणाबाहेरून हाक आली, "ताने! अगं, कुठं आहेस तू?"

तानी अशी धावली, अशी धावली!

त्यानंतर शाळेत नवीन पोर आलं, की पंतोजी त्याला 'अ'च्या आधी ती खूण शिकवायचे. आपली चूकही सांगायचे. दर वेळी लाज वाटायची, तरी सांगायचे.

तर माळीण, तानी, राजा, पंतोजी, सगळे सुखानं नांदले. कुणाचं काही विचारायचं राहिलंय? मग विचारा, आणि मिटा बघू डोळे.